‘मेट्रॉइड’ आणि ‘झिरो मिशन’ : पुनर्निर्मिती मूळ कृतीला सुधारते काय? एक ऐतिहासिक चिकित्सा

बीजसंज्ञा : व्हिडिओ गेमचा इतिहास, पुनर्निर्मिती, मूळ पाठ, निन्टेन्डो, हातात धरून खेळावयाची यंत्रे

१. प्रस्तावना

ग्रंथांच्या आवृत्त्या, जुन्या चित्रपटांची नवी रूपे आणि वास्तूंचा जीर्णोद्धार हे विषय इतिहासाच्या अभ्यासकांना परिचित आहेत. व्हिडिओ गेम या अर्ध्या शतकाहून थोड्या अधिक वयाच्या माध्यमाकडे मात्र ऐतिहासिक साधन म्हणून पाहण्याची सवय अद्याप पुरेशी रुजलेली नाही. वास्तविक या माध्यमात मूळ पाठाचा प्रश्न फार तीव्र स्वरूपात उभा राहतो. ग्रंथ वाचण्यास डोळे पुरतात. व्हिडिओ गेम खेळण्यास मात्र विशिष्ट यंत्र लागते, आणि ते यंत्र काही वर्षांतच बाजारातून नाहीसे होते. त्यामुळे जुना खेळ टिकवायचा तर तो नव्या यंत्रावर आणावा लागतो. हे दोन प्रकारे घडते. पहिल्या प्रकारात मूळ खेळ जसाच्या तसा नव्या यंत्रावर चालविला जातो. त्यास पुनःप्रकाशन म्हणता येईल. दुसऱ्या प्रकारात चित्रे, संगीत, हालचाली व रचना नव्याने घडवून तीच कथा पुन्हा मांडली जाते. त्यास पुनर्निर्मिती म्हणावे लागेल.

पुनर्निर्मितीचे मूल्यमापन करताना ‘मूळ खेळापेक्षा नवा खेळ चांगला आहे काय?’ हा एकच प्रश्न सामान्यतः विचारला जातो. या प्रश्नात एक गृहीतक दडलेले असते. ते असे की, दोन्ही कृतींचे उद्दिष्ट एकच होते आणि पहिली ते गाठण्यात कमी पडली. हे गृहीतक कितपत टिकते, याची तपासणी प्रस्तुत निबंधात एका उदाहरणाच्या आधारे केली आहे. निन्टेन्डो या जपानी कंपनीचा १९८६ मधील ‘मेट्रॉइड’ आणि गेम बॉय ॲडव्हान्स या हातात धरून खेळावयाच्या यंत्रासाठी २००४ मध्ये आलेली त्याची पुनर्निर्मिती ‘मेट्रॉइड : झिरो मिशन’ हे ते उदाहरण होय.

२. मूळ कृतीची जडणघडण

‘मेट्रॉइड’ ६ ऑगस्ट १९८६ रोजी जपानमध्ये फॅमिकॉम डिस्क सिस्टीम या उपकरणासाठी प्रकाशित झाला. गुन्पेई योकोई हे त्याचे निर्माते, सातोरू ओकादा दिग्दर्शक आणि हिरोकाझू तनाका संगीतकार होते. योकोई यांच्या नेतृत्वाखालील निन्टेन्डोच्या पहिल्या संशोधन व विकास विभागात हा खेळ तयार झाला. याच योकोईंनी १९८० मध्ये ‘गेम अँड वॉच’ हे खिशात मावणारे खेळ घडविले होते आणि पुढे १९८९ मध्ये याच विभागातून ‘गेम बॉय’ बाहेर पडला. ‘झिरो मिशन’ची निर्मितीही याच विभागाची आहे. म्हणजे दूरचित्रवाणीच्या पडद्यावरील खेळ हातातील यंत्रावर आणण्याचे हे काम परक्या हातांनी झालेले नाही. नव्या खेळाचे दिग्दर्शक योशिओ साकामोतो हे स्वतः १९८६ च्या खेळाच्या निर्मितीत सहभागी होते.

मूळ खेळाची कल्पना थोडक्यात अशी : झेबेस नावाच्या ग्रहाच्या पोटात अंतराळातील लुटारूंचा तळ आहे. सॅमस आरान ही चिलखतधारी व्यक्ती तेथे एकटी उतरते. क्रेड व रिडली या दोन सरदारांना आणि शेवटी ‘मदर ब्रेन’ला नष्ट करते. उड्या मारीत, गोळ्या झाडीत पुढे जावयाच्या खेळांचा प्रकार तोवर चांगलाच रूढ झालेला होता. निन्टेन्डोच्याच ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ने १९८५ मध्ये त्याचा साचा पक्का केला होता. त्या साच्यात पडदा उजवीकडे सरकतो आणि मागे परतण्याची वाट बंद होते. ‘मेट्रॉइड’ने हा नियम पहिल्याच पावलाला मोडला. खेळ सुरू होताच खेळाडू सवयीने उजवीकडे जातो आणि थोड्याच वेळात एका अरुंद भुयाराशी अडतो. त्यातून जाण्यासाठी शरीर गुंडाळून चेंडू होण्याची जी शक्ती हवी, ती सुरुवातीच्या जागेच्या डावीकडे ठेवलेली आहे. या खेळात परत फिरणे हीच प्रगती आहे, हा धडा एकही शब्द न उच्चारता दिला जातो.

मूळ खेळाचा विचार करताना आणखी एक बाब ध्यानात घ्यावी लागते. ‘मूळ’ म्हणून जे ओळखले जाते तेही एकसंध नाही. जपानी रूप डिस्कवर असल्याने त्यात खेळाची प्रगती साठविता येत असे. १९८७ मध्ये अमेरिकेत एनईएस यंत्रासाठी जी कार्ट्रिज निघाली, तिच्यात ही सोय नव्हती. त्याऐवजी खेळाडूला २४ अक्षरांचा पासवर्ड कागदावर उतरवून घ्यावा लागे. डिस्क यंत्रातील अतिरिक्त ध्वनिवाहिनीही कार्ट्रिजमध्ये राहिली नाही. सारांश, पुनर्निर्मितीची तुलना ज्या मूळ पाठाशी करावयाची, त्याची दोन रूपे वर्षभरातच अस्तित्वात आली होती.

३. यंत्रदोषांचे निवारण

मूळ खेळातील काही अडचणी निःसंशय यंत्राच्या व साठवणक्षमतेच्या मर्यादेतून आलेल्या होत्या. शत्रूंची संख्या वाढली की हालचाली मंदावत. सॅमसला बसता येत नसे. त्यामुळे जमिनीलगतच्या शत्रूवर उभ्याने नेम धरणे अशक्य होई. मृत्यूनंतर किंवा पासवर्ड देऊन खेळ पुन्हा सुरू केला असता ऊर्जा केवळ ३० एककांपासून आरंभ होई. मग ऊर्जेच्या कितीही टाक्या मिळविलेल्या असोत, त्या भरण्यासाठी किरकोळ शत्रूंना वारंवार मारीत बसावे लागे. या कामात कौशल्य नव्हते, केवळ वेळ जात असे.

‘झिरो मिशन’ने या अडचणी दूर केल्या. सॅमस बसू शकते, तिरपा नेम धरू शकते, कड्याला हातांनी लोंबकळून वर चढू शकते. जागोजागी प्रगती साठविण्याच्या खोल्या आहेत. मूळ खेळात ‘आइस बीम’ आणि ‘वेव्ह बीम’ या दोन शस्त्रांपैकी एकच जवळ ठेवता येई. नव्या खेळात त्यांची शक्ती एकत्र होते. याबाबत मतभेदास जागा नाही. जो दोष मूळ कर्त्यांनीही साधन मिळते तर ठेवला नसता, तो काढून टाकणे ही सुधारणाच होय.

येथे हातातील यंत्राच्या स्वरूपाचाही विचार करणे आवश्यक आहे. फॅमिकॉमचे चित्र २५६ × २४० पिक्सेलचे होते. गेम बॉय ॲडव्हान्सचा पडदा २४० × १६० पिक्सेलचा आहे. रुंदी जवळपास तेवढीच राहिली, उंची मात्र एक-तृतीयांशाने घटली. ज्या खेळाचा मोठा भाग उंच उभ्या विवरांतून वर चढण्याचा आहे, त्याच्या दृष्टीने ही घट लहान नाही. मूळ खोल्या जशाच्या तशा उचलल्या असत्या, तर वरचा शत्रू आणि खालचा ओटा एकाच वेळी दिसले नसते. खोल्या नव्याने रचण्यामागे कलात्मक हेतूबरोबर ही भौतिक गरजही होती, असे मानण्यास जागा आहे. शिवाय हातातील यंत्र प्रवासात किंवा फावल्या दहा-वीस मिनिटांत खेळले जाते. वारंवार येणाऱ्या साठवणीच्या खोल्या त्या वापराशी सुसंगत आहेत. तेव्हा ‘सोपेपणा’ म्हणून ज्याची नोंद होते, त्यातील बराच भाग यंत्राच्या वापरपद्धतीतून आलेला आहे.

४. नकाशाचा प्रश्न

मूळ ‘मेट्रॉइड’मध्ये नकाशा नव्हता. ग्रहाचा अंतर्भाग ३२ × ३२ चौकटींच्या जाळीवर रचलेला होता आणि स्मृतीची बचत करण्यासाठी त्याच त्या खोल्या निरनिराळ्या ठिकाणी पुन्हा वापरलेल्या होत्या. परिणामी एकसारख्या दिसणाऱ्या विवरांत खेळाडू हरवत असे. ज्याला पुढे जावयाचे असे, तो कागद-पेन्सिल घेऊन नकाशा आखत असे. खेळाचा काही भाग अशा रीतीने पडद्याबाहेर, खेळाडूच्या वहीत घडत होता. याच काळात पासवर्डांचीही एक मौखिक परंपरा निर्माण झाली. ‘जस्टिन बेली’ या अक्षरांनी सुरू होणारा पासवर्ड दिल्यास सॅमस चिलखताशिवाय व अनेक शस्त्रांसह अवतरते, ही माहिती अमेरिकेतील मुलांमध्ये पसरली होती. ज्ञान एका खेळाडूकडून दुसऱ्याकडे हस्तांतरित होण्याची ही प्रक्रिया त्या खेळाच्या इतिहासाचाच भाग आहे.

‘झिरो मिशन’मध्ये नकाशा आपोआप भरत जातो. त्याहीपुढे जाऊन, पक्ष्यांच्या रूपातील प्राचीन चोझो लोकांच्या पुतळ्यांपाशी पुढचे ठिकाण नकाशावर खुणेने दाखविले जाते. येथे दोष कोठे संपतो आणि गुण कोठे सुरू होतो, हे सांगणे कठीण होते. खोल्यांची पुनरावृत्ती ही स्मृतीच्या टंचाईची परिणती होती. परंतु तिने निर्माण केलेली दिशाहीनता अनोळखी ग्रहावर एकट्या उतरलेल्या व्यक्तीच्या अनुभवाशी पूर्णपणे जुळत होती. तनाका यांनीही खेळातील ध्वनी एखाद्या सजीवाप्रमाणे भासावेत, संगीत व ध्वनिपरिणाम यांतील सीमारेषा पुसली जावी आणि मोकळी सुरावट शेवटच्या विजयासाठी राखली जावी, असा विचार केला होता. ध्वनीची ही योजना आणि नकाशाचा अभाव यांनी मिळून जे एकाकीपण साधले, ते खुणेने वाट दाखविल्यावर टिकत नाही. कारण खूण दाखविणारा कोणीतरी असतो. आणि कोणी सोबत असले की एकटेपण उरत नाही.

तथापि, नव्या कर्त्यांना या हानीची जाणीव नव्हती असे म्हणता येणार नाही. खुणेने दाखविलेल्या वाटेच्या आड त्यांनी अनेक गुप्त वाटा ठेवल्या आहेत. चतुर खेळाडू सांगितलेला क्रम मोडून एखादी वस्तू वेळेपूर्वी मिळवू शकतो किंवा टाळूही शकतो. एकूण वस्तूंपैकी १५ टक्के किंवा त्याहून कमी वस्तू घेऊन खेळ पूर्ण करणाऱ्यास निराळे समाप्तिचित्र देण्यात आले आहे. त्यापूर्वी दोनच वर्षे आलेल्या ‘मेट्रॉइड फ्यूजन’ (२००२) मध्ये संगणकाच्या आज्ञेनुसार चालावे लागे. त्या तुलनेत ही मोकळीक उल्लेखनीय आहे. परंतु दोन्ही स्वातंत्र्यांत मूलभूत फरक आहे. १९८६ चा खेळाडू वाट माहीत नसल्यामुळे भटकत होता. २००४ चा खेळाडू वाट माहीत असूनही ती सोडतो. पहिले शोधाचे स्वातंत्र्य आहे, दुसरे प्रावीण्याचे.

५. नंतरच्या स्मृतीतून पाहिलेला भूतकाळ

पुनर्निर्मिती मूळ कृतीकडे परत जाते, असा सर्वसाधारण समज आहे. ‘झिरो मिशन’ची बारकाईने तपासणी केली असता ती १९८६ कडे थेट जात नसून १९९४ च्या ‘सुपर मेट्रॉइड’मार्गे जाते, असे दिसून येते. याचे ठळक उदाहरण क्रेडचे आहे. मूळ खेळात क्रेड जवळजवळ सॅमसच्याच उंचीचा होता. ‘सुपर मेट्रॉइड’मध्ये त्याला पडदा व्यापणाऱ्या अजस्र देहाचे रूप मिळाले आणि तेच रूप मालिकेच्या चाहत्यांच्या मनात ठसले. ‘झिरो मिशन’मधील क्रेड असाच अवाढव्य आहे. ‘स्पीड बूस्टर’, ‘सुपर मिसाइल’, ‘पॉवर बॉम्ब’, ‘ग्रॅव्हिटी सूट’ या वस्तू आणि क्रॅटेरिया हा प्रदेश १९८६ मध्ये नव्हते; आपोआप भरणारा नकाशाही १९९४ चाच आहे. ‘स्पेस जंप’ ही शक्ती १९९१ मध्ये गेम बॉयसाठी आलेल्या दुसऱ्या खेळातून घेतलेली आहे.

इतिहासलेखनाच्या दृष्टीने ही बाब महत्त्वाची ठरते. नंतर घडलेल्या गोष्टी आरंभीच्या काळावर आरोपित करणे हा इतिहासकाराने टाळावयाचा दोष मानला जातो. पुनर्निर्मितीत मात्र तोच दोष रचनेचे तत्त्व बनतो. मालिकेचा आरंभ तिच्या उत्तरकाळाशी सुसंगत व्हावा यासाठी आरंभच नव्याने लिहिला जातो. कथेची सलगता यामुळे वाढते यात शंका नाही. परंतु १९८६ मध्ये क्रेड लहान होता, कारण तेव्हाच्या यंत्रात आणि कल्पनेत तो तेवढाच होता, ही वस्तुस्थिती नव्या पाठातून कळत नाही.

६. चिलखतामागील व्यक्ती

मूळ खेळाचा सर्वांत प्रसिद्ध भाग त्याचा शेवट आहे. संपूर्ण खेळभर चिलखतात झाकलेली सॅमस ही स्त्री आहे, हे शेवटीच उघड होते. तेही खेळ पाच तासांच्या आत पूर्ण केल्यास. त्या वेळी ती शिरस्त्राण काढते. याहून कमी वेळात खेळ संपविला तर चिलखतही उतरलेले दिसते. अमेरिकी आवृत्तीसोबतच्या पुस्तिकेत तिच्यासाठी पुल्लिंगी सर्वनाम वापरून हे रहस्य राखण्यात आले होते. पराक्रमी व्यक्ती पुरुषच असणार, या खेळाडूच्या न बोललेल्या गृहीतकाला तो शेवट धक्का देत असे. त्याचबरोबर हेही नमूद केले पाहिजे की, तासाभराच्या आत खेळ संपविणाऱ्यास ती बिकिनीत दिसे. स्त्रीचे शौर्य प्रकट करणारा शेवट तिच्या देहदर्शनाला वेगाचे बक्षीसही बनवीत होता. मूळ कृतीचा गौरव करताना ही विसंगती झाकता येत नाही.

२००४ पर्यंत सॅमसची ओळख सर्वज्ञात झाली होती. गुपित फुटले होते; ते पुन्हा सांगून धक्का बसणार नव्हता. मूळ कृतीतील सर्वांत परिणामकारक क्षण पुनर्निर्मितीत आणणे तत्त्वतःच अशक्य होते. या अडचणीतून ‘झिरो मिशन’मधील सर्वांत मौलिक भाग निर्माण झाला. मदर ब्रेनच्या नाशानंतर, जेथे मूळ खेळ संपत होता तेथे, सॅमसचे यान पाडले जाते. चिलखत नाहीसे होते. निळ्या अंगलग पोशाखातील सॅमसजवळ उरते ते केवळ शत्रूला क्षणभर बधिर करणारे पिस्तूल. जो खेळाडू आतापर्यंत भिंती फोडीत चालला होता, त्याला आता लपत, रांगत, पळत लुटारूंच्या यानातून वाट काढावी लागते. अखेरीस चोझोंच्या अवशेषांत एका परीक्षेला सामोरे जाऊन ती चिलखत परत मिळविते आणि त्यानंतरची तिची शक्ती पूर्वीपेक्षाही मोठी असते.

या भागाची योजना अर्थपूर्ण आहे. १९८६ च्या खेळाने ‘चिलखतात कोण आहे?’ हा प्रश्न एका चित्राने सोडविला. २००४ च्या खेळाने तोच प्रश्न खेळाडूच्या हाती सोपविला : चिलखत नसताना या व्यक्तीजवळ काय उरते? उत्तर चित्रात मिळत नाही; ते धैर्य आणि सावधगिरी यांच्या प्रत्यक्ष अनुभवातून मिळते. नव्या खेळातील समाप्तिचित्रांनी देहदर्शनाची जुनी प्रथा पूर्णतः सोडलेली नाही, हे मान्य करूनही हा भाग मूळ कल्पनेचा विस्तार आहे असेच म्हणावे लागेल. याला मात्र ‘सुधारणा’ हा शब्द लागू पडत नाही. येथे काहीही दुरुस्त केलेले नाही. मूळ कृतीने जे सांगितले ते ऐकून तिला उत्तर दिलेले आहे. मूळ खेळ आधी अस्तित्वात नसता, तर या भागाला हा अर्थ प्राप्तच झाला नसता.

७. क्रमाचा प्रश्न

‘झिरो मिशन’ एकदा पूर्ण केल्यावर १९८६ चा मूळ ‘मेट्रॉइड’ त्याच कार्ट्रिजमध्ये खेळण्यास खुला होतो. पुनर्निर्मितीने आपल्या मूळ पाठाला अशी जागा देणे हे प्रामाणिकपणाचे लक्षण आहे. तुलना करण्याचे साधन वाचकाच्या हाती ठेवणारा संपादक जे करतो, तेच येथे घडले आहे. परंतु ही जागा शेवटी आहे. उंचीने दाबून लहान पडद्यावर बसविलेला जुना खेळ नवागताला नव्या खेळानंतर भेटतो. बसता येणे, तिरपा नेम, नकाशा यांची सवय झालेल्या हाताला मग जुना खेळ केवळ उणिवांची यादी वाटतो. १९८६ च्या खेळाडूला या उणिवा अशा स्वरूपात दिसल्याच नव्हत्या, कारण त्याच्यासमोर तुलनेला पुढचे काही नव्हते. त्याच्यासमोर होते ते मागचे, म्हणजे फक्त उजवीकडे धावणारे खेळ. त्या तुलनेत ‘मेट्रॉइड’ अपार मोकळा होता.

२००४ नंतर या दोन कृतींपर्यंत पोहोचण्याचे मार्गही बदलत गेले. वी यू आणि थ्रीडीएस या यंत्रांवरील निन्टेन्डोची विक्रीव्यवस्था मार्च २०२३ मध्ये बंद झाली. २०२४ मध्ये ‘झिरो मिशन’ स्विच यंत्राच्या सभासदत्वाच्या सेवेत उपलब्ध झाला. मूळ खेळ तेथे आधीच आलेला होता. कार्ट्रिज खेळाडूच्या मालकीची होती. सेवेतील खेळ कंपनी ठेवील तोवर राहतो. अशा स्थितीत ‘नवा खेळ अधिक चांगला, म्हणून जुन्याची गरज नाही’ हे मत केवळ अभिरुचीपुरते मर्यादित राहत नाही. कोणता पाठ जपावयाचा याचा निर्णय अशाच मतांवर होत असतो.

८. निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात. पहिला, ज्या उणिवा केवळ यंत्राच्या मर्यादेतून आल्या होत्या आणि ज्यांनी अनुभवात काहीही भर घातली नव्हती, त्यांच्या बाबतीत ‘झिरो मिशन’ मूळ खेळाहून निश्चितपणे सरस आहे. दुसरा, ज्या मर्यादांमधून मूळ खेळाचा अर्थ घडला होता, विशेषतः नकाशाचा अभाव व दिशाहीनता, त्यांच्या बाबतीत पुनर्निर्मितीने एक अनुभव काढून दुसरा दिला आहे. त्याला सुधारणा म्हणण्याऐवजी बदल म्हणणे योग्य होईल. तिसरा, चिलखताविना खेळावयाचा भाग ही मूळ कृतीवरील समर्थ टीका आहे आणि तिचे मोल मूळ कृतीच्या ज्ञानावर अवलंबून आहे.

आज ज्याला या दोहोंपैकी एकच खेळ खेळावयाचा असेल त्याने ‘झिरो मिशन’ खेळावा, यात वावगे नाही. पण १९८६ मध्ये एखादे मूल वहीत विवरांच्या चौकटी का आखत होते, हे ज्याला समजून घ्यावयाचे असेल त्याला मूळ खेळाकडेच जावे लागेल, आणि शक्य तर आधी. नव्या पाठाने जुन्याची जागा घेतली की त्या वहीचे प्रयोजन कळेनासे होते. इतिहासाच्या अभ्यासकाला ही हानी दुर्लक्षित करता येत नाही.